थदडीचं गार पाणी

देवाचं मी नेमानं करत आले, पण देव आपलं काही करतो आहे असं मला त्या वर्षापर्यंत फारसं वाटलं नव्हतं. सोमवारचा उपास, तिन्हीसांजेचा दिवा, चतुर्थीच्या दूर्वा, हे सगळं घरातल्या केरवाऱ्यासारखं होऊन जायचं. त्यात श्रद्धा किती आणि सवय किती, हे मी कधी निवडून पाहिलं नाही. आजारपण आलं तेव्हा निवडावं लागलं, आणि श्रद्धेच्या बाजूला फार थोडं निघालं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला मोठी भाविक समजायला नको.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प नंबर चारमध्ये राहायचो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना जुन्या लष्करी बराकी मिळाल्या होत्या, त्यातल्याच एका लांबलचक बराकीचे तुकडे पाडून खोल्या केलेल्या. आमची खोली भाड्याची होती. पुढे सगळ्यांचा मिळून एक व्हरांडा, आणि उकाड्यामुळे बहुतेकींचे स्टोव्ह तिथेच मांडलेले. घरमालकीण शेजारीच राहायची. सिंधी लोक थोरल्या बहिणीला दादी म्हणतात, तशी सगळी बराक तिला दादी म्हणायची. पापड लाटून विकायची, आवाज खणखणीत, आणि कुणाच्याही घरात न विचारता शिरायची. आमचे हे अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात पाळीनं कामाला होते. आम्हाला एकच मुलगी, मंजू.

मंजू दोन वर्षांची असताना माझा एक डोळा दुखू लागला. बुबुळ फिरवलं की कळ यायची, आणि त्या डोळ्यानं पाहिलं की सगळं धुरकट, रंग उडालेले. कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नसेला सूज आहे म्हणून गोळ्या दिल्या आणि महिन्या-दीड महिन्यात ते आपोआप ओसरलं. आम्ही विसरलो. पुढच्या वर्षी पाय बिघडले. तळव्यांना फडकं गुंडाळून चालते आहे असं वाटायचं. पायातली चप्पल कधी गळून पडली ते कळायचं नाही, मागून येणारं माणूस हातात आणून द्यायचं. मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून विजेचा झटका गेल्यासारखं व्हायचं. तांदूळ निवडायला मान खाली घालावीच लागते, तेव्हा दिवसातून कितीदा तरी जायचा. आणि थकवा असा, की सकाळी वेणी घातली की दमून बसावं लागे. शेजारपाजारी कुणी म्हणालं, हिला कामाचा कंटाळा आहे. कुणी म्हणालं, मुलगा झाला की बरी होईल. माझं मलाही कधीकधी वाटायचं, की हे सगळं मनाचेच खेळ असतील.

शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, तळव्यांवरून किल्ली ओढून पाहिली, आणि मग एका डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव सांगितलं. मेंदूतल्या आणि कण्यातल्या नसांवरचं वेष्टण जागोजागी खराब होतं, वायरीवरचं प्लास्टिक सोलवटावं तसं, असं त्यांनी समजावलं. आपल्याकडे फार दिसत नाही, म्हणाले. पुरता बरा होत नाही, येतो-जातो, हेही म्हणाले. आणखी पुष्कळ सांगितलं असेल, पण 'बरा होत नाही' नंतरचं काही आमच्या कानांत शिरलं नाही. गोळ्या घेऊन परत आलो. गोळ्यांनी तोंड सुजलं आणि पाय थोडे सुधारले. घरी आल्यावर ह्यांनी ते नाव आठवून पाहिलं, नीट आठवेना. मग 'वाताचं दुखणं' असंच आम्ही सगळ्यांना सांगू लागलो. तेवढं सर्वांना समजत होतं.

आणि वाताचं दुखणं म्हटल्यावर त्याचा उपायही सर्वांना ठाऊक होता. माझी आई बदलापूरला मांजर्लीत, माझ्या भावाकडे राहायची. ती आठवड्यातले चार-पाच दिवस माझ्याकडे येऊन राहू लागली. तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा घालून ते कडकडीत तापवायची, सोसवेल इतपत निवलं की माझे पाय मांडीवर घेऊन कंबरेपासून खालपर्यंत चोळायची. नंतर निर्गुडीचा पाला उकळलेलं पाणी, वाफा येत असलेलं, तांब्या-तांब्यानं अंगावर. नंतर विटेचा शेक आणि वर घोंगडी. आईचे हात फार मायेचे. तिच्या कपाळावरचा घाम माझ्या पायांवर पडायचा, आणि मी डोळे मिटून पडून राहायची. मोरीतून उठताना पाय वातीसारखे झालेले असत आणि डोळ्यांपुढे तोच जुना धूर. मी आईला ते सांगायची. आई म्हणायची, "रोग बाहेर पडतोय. पडू दे. औषध लागू होतंय त्याची खूण आहे ती." मग दुसऱ्या दिवशी पाणी आणखी गरम.

बदलापूरच्या एका जोशीबुवांना तिनं माझी पत्रिकाही दाखवली. ते म्हणाले, दुखणं डोळ्यापासून सुरू झालं ना, मग रवी बिघडला आहे. डोळ्याचा मालक तो. रविवारचं व्रत सांगितलं. अळणी खायचं, सूर्याला अर्घ्य द्यायचं, आणि अंग तापेपर्यंत उन्हात बसून जप करायचा. मी ते सुरू केलं चैत्रात. उल्हासनगरचं चैत्र-वैशाखाचं ऊन ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. बराकीच्या मागच्या अंगणात पाट टाकून मी बसायची आणि उठताना भिंत धरून उठायची. पुढे भिंतही पुरेना, तेव्हा आई हाताला धरून आत आणायची. मनातून शंका यायची, पण व्रत मध्येच सोडलं तर काय होतं याच्या कहाण्या लहानपणापासून ऐकलेल्या. आम्ही दोघी मायलेकी अगदी मनोभावे चुकत होतो.

वैशाखातल्या एका रविवारी मी उन्हातून आले आणि तशीच भाताची पेज काढायला बसले. पातेलं उचललं आणि उठताना गुडघे दुमडले. मंजू जवळच खेळत होती. तिच्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत, पेज सांडली. दादीनं पळत येऊन तिला नळाखाली धरली, म्हणून थोडक्यावर निभावलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो हात पुढे कितीतरी दिवस होता.

ही बातमी जुन्नरकडे सासरी गेली आणि सासूबाई आल्या. त्या काही खाष्ट नव्हत्या. आठ दिवस राहिल्या, मला पाणीसुद्धा उचलू दिलं नाही. जायच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "हे बघ, पोर आमच्याकडं राहू दे. तिकडं चुलत्याची पोरं हायेत, त्यांच्यात वाढंल. तू आधी तुझं बघ. बरी झालीस की घेऊन ये." त्या पुढे म्हणाल्या, "गौरी-गणपती झालं की धाकल्याला धाडते न्यायला." धाकटा म्हणजे माझे दीर. ह्यांनीही मान हलवली. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण 'बरी झालीस की' म्हणजे काय, ते त्या घरात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. बरा न होणारा आजार होता. एकदा गेलेली मंजू परत यायची नव्हती.

त्या दिवसापासून मी देवाकडे बरी कर असं मागणं सोडलं. एकच मागू लागले, मंजू जाऊ देऊ नकोस. कसं, ते तू बघ. आणि हे मागतानाही हे ऐकायला कुणी आहे याची मला खात्री नव्हती. आषाढ गेला, श्रावण लागला. तेल, शेक आणि कढत पाणी चालूच होतं. मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाताना सहा दारांच्या चौकटी धरायची. शौचालय त्याच टोकाला होतं आणि या आजारात घाई झाली की थांबता येत नाही, त्यामुळे ते अंतर माझ्या मनात दिवसभर असायचं.

गोकुळाष्टमी जवळ आली होती. आई दोन दिवसांसाठी बदलापूरला गेली आणि पावसानं जोर धरला. उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं, गाड्या बंद पडल्या, ती तिकडेच अडकली. ह्यांची पाळी संपली तरी बदली माणूस पोचू शकला नाही, म्हणून ते कारखान्यातच राहिले. सकाळी उठले तेव्हा घरात मी आणि मंजू. आधी अंघोळीचं पाणी तापवावं म्हणून मी स्टोव्हपाशी बसले. नेम मोडायला नको, एवढंच डोक्यात. काडी ओढली तोच दादीचा आवाज आला.

"अरे अरे, क्या करती है? आज थदडी है हमारी. आज इस बराक में चूल्हा नहीं जलता."

थदडी हा सिंधी लोकांचा शीतळादेवीचा सण. आदल्या दिवशी सगळा स्वयंपाक करून ठेवायचा, मग चुलीवर पाणी शिंपडून तिची पूजा करायची आणि तिला विझवायचं. थदडीच्या दिवशी विस्तव नाही, चहा नाही, सगळ्यांनी गार पाण्यानं अंघोळ करायची आणि शिळं, गार जेवायचं. आमच्यातही श्रावणात शीतळासप्तमी असते, पण माहेरी अंघोळीचा बंब आल्यापासून ती मागे पडली होती.

मी म्हटलं, "दादी, मला वाताचं दुखणं आहे. गार पाणी चालत नाही मला."

"एक दिन में कोई नहीं मरता," दादी म्हणाली. "आज माता का दिन है. चल, उठ."

मी वाद घातला नाही. एक तर आम्ही भाडेकरू. दुसरं म्हणजे खरं सांगायचं तर स्टोव्हला पंप मारण्याइतकीही ताकद माझ्यात नव्हती. दादीनं मला मोरीत पाटावर बसवलं आणि पिंपातलं पाणी, रात्रभर पावसात गार झालेलं, थेट डोक्यावर ओतायला सुरुवात केली. पहिल्या तांब्याला माझा श्वास अडकला. ती ओतत होती आणि तोंडानं सिंधीत काहीतरी पुटपुटत होती. पुढे एकदा मी तिला त्याचा अर्थ विचारला होता. आई, तुझ्या लेकरांना थंड ठेव, असं काहीसं होतं ते. तिनं मला त्या लेकरांत धरलं होतं, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

मग तिच्याच खोलीत आम्हा दोघींना जेवायला वाढलं. आदल्या दिवशीची कोकी, म्हणजे कांदा घातलेली त्यांची जाड पोळी, गोड दशमीसारखा लोला, तळून ठेवलेली भेंडी आणि दही. सगळं गार. मी भिंतीला टेकून बसले होते. समोरच्या भिंतीवर दुकानातलं कॅलेंडर होतं. मी सहज त्याच्यावरच्या तारखा वाचत होते. चार-पाच ओळी वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी त्या वाचते आहे. दुखऱ्या डोळ्यावरची धूळ झटकल्यासारखी वाटत होती. तेवढ्यात मंजू हातात लोला घेऊन बाहेर पळाली. बाहेर पाऊस, व्हरांड्याला कठडा नाही. मी उठले, तिच्या मागे गेले, टोकाशी तिला गाठलं आणि हाताला धरून परत आणलं. दारात आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एकही चौकट धरलेली नव्हती. दादीचं तिकडे लक्षही नव्हतं. ती कुणाच्या तरी बादलीवरून पलीकडच्या बाईशी भांडत होती. माझ्या आयुष्यात काही विशेष घडलं असेल तर ते तेवढंच, आणि ते पाहायला तिथे कुणी नव्हतं. मी दारातच खाली बसले आणि मंजूला मांडीवर घेऊन रडले. ती म्हणाली, "आई, खा ना," आणि तिनं उष्टा लोला माझ्या तोंडात घातला.

दुपारी पाऊस थांबला, ऊन पडलं, बराकीचे पत्रे तापले आणि पाय पुन्हा जड झाले. मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. मी मोरीत जाऊन स्वतःच डोक्यावर गार पाणी ओतून घेतलं. थोड्या वेळानं पाय सैल झाले. तेव्हा मी पहिल्यांदा देवाचा नाही, पाण्याचा विचार केला.

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी आई आली. लुगड्याच्या काठाला नदीचा गाळ लागलेला, घरातले गाद्या-तांदूळ भिजून गेलेले, पण पिशवीतून तेलाची बाटली मात्र जपून आणलेली. आल्याआल्या तिनं स्टोव्ह पेटवला. मला नको म्हणवेना. कढत पाणी अंगावर घेतलं आणि मोरीतून उठताना मी पडले. पडल्या जागीच मी तिला म्हटलं, "आई, उद्यापासून पाणी तापवू नकोस." तिनं विचारलं, का. मी तिला थदडीचं सगळं सांगितलं. उन्हातल्या रविवारांचं सांगितलं, पेज सांडली त्या दिवसाचं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे इतके महिने मी तुला भाजत होते?"

नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर कुणाला म्हणायचं ते. मी तिचा हात धरून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाटली उघडली, थोडं तेल तळहातावर घेतलं आणि न तापवता माझ्याकडे पाहिलं. "एवढं तरी चालेल ना? का हेही नको?" मी पाय पुढे केले. गार तेलानं ती बराच वेळ चोळत होती, मान वर न करता.

मग आम्ही सगळी घडी बदलली. हे कामावर जायच्या आधी पोळ्या-भाजी करून ठेवू लागले. पाळी आडवी आली तर आई. मी चिरणं, निवडणं, मंजूची वेणी, ही कामं सकाळच्या गारव्यात उरकायची. दुपारी ओला पंचा मानेवर टाकून स्वस्थ बसायचं. आधी मी दमेपर्यंत काम करायची, आता दमायच्या आधी थांबायला शिकले, आणि हे शिकायला मला सगळ्यात जड गेलं. कुणी म्हणालं, वातावर गार पाणी म्हणजे मरणाला आमंत्रण. मी म्हणायची, बरं. आजार गेला नव्हता. तळवे तसेच बधिर होते, मान वाकवली की झटकाही तसाच जायचा. पण माझे पाय मला न सांगता जात नव्हते.

गौरी-गणपती झाले आणि दीर आले. गावाकडचा सरळ माणूस, मंजूसाठी भुईमुगाच्या शेंगा घेऊन आलेला. मी अंघोळ करून मानेला पंचा गुंडाळून तयार होते. मी त्यांचं ताट वाढून स्वतः नेलं, भिंत न धरता. ते पाहत होते. जेवण अर्धं झाल्यावर म्हणाले, "वहिनी, आईनं सांगितलंय, पोरीला घेऊन ये."

मी ठरवून ठेवलं होतं की मी बरी झाले आहे असं सांगायचं. तोंड उघडलं तेव्हा दुसरंच बाहेर आलं. मी म्हटलं, "भाऊजी, मी बरी नाही. होणारही नाही. पाय आजही जातात. पण कधी जाणार ते मला आता आधी कळतं, आणि तेव्हा मी विस्तवाजवळ नसते." मग उन्हाचं आणि पाण्याचं सगळं सांगितलं.

त्यांनी ताटातला घास संपवला. पाणी प्यायले. आणि म्हणाले, "आमच्याकडं एक बैल हाये. उन्हाचा चालत नाही, बसतोच. मग त्याला आम्ही सकाळचा जुपतो आणि दुपारी झाडाखाली बांधतो." मग म्हणाले, "आईला सांगतो मी."

मला बैल म्हटल्याचा आनंद इतका पुन्हा कधी झाला नाही. संध्याकाळी ते एकटेच गेले. शेंगा ठेवून गेले.

थंडीत आम्ही मुंबईला दाखवायला गेलो, तेव्हा मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते हसतील अशी भीती होती. ते हसले नाहीत. म्हणाले, पूर्वी हा आजार ओळखायची एक रीतच होती, माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवायचं. पाय गेले, नजर धुरकटली, की संशय पक्का. मी म्हटलं, म्हणजे माझी आई डॉक्टरच निघाली. तेव्हा मात्र हसले. मग मी त्यांना, ज्यासाठी खरं तर गेले होते, ते विचारलं. त्या गरम पाण्यानं आजार वाढला का? ते म्हणाले, नाही. उष्णतेनं त्रास तेवढ्यापुरता वाढतो, अंग गार झालं की उतरतो. त्यानं आजार वाढत नाही आणि गार पाण्यानं तो बराही होत नाही. परत येताना मी उल्हासनगरला न उतरता आधी बदलापूरला जाऊया म्हटलं. आईला हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिनं ते दोनदा सांगायला लावलं. मग देवापुढे जाऊन बसली, बराच वेळ. आम्ही चहा आपला आपण करून घेतला.

यानंतरची वर्षं तशी सांगण्यासारखी नाहीत. आजार येत-जात राहिला. एकदा मलेरियाच्या तापानं मी दोन आठवडे अंथरुणाला खिळले, एकदा डावा हात गेला आणि अर्धामुर्धा परत आला. नव्वदीनंतर काठी आली. मुंबईत मेंदूचा फोटो काढायचं नवं यंत्र आलं, त्यात जागोजागी पांढरे ठिपके दिसले. आम्हाला ते आधीच माहीत होतं. दादी एका हिवाळ्यात गेली. तिच्यामुळे काय झालं ते मी तिला अनेकदा सांगितलं होतं, पण तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. "माता करती है, मैं तो पापडवाली," म्हणायची आणि विषय बदलायची. कुणी मला विचारतं, नदीला पूर आला, बदली माणूस आला नाही आणि त्याच दिवशी थदडी पडली, हा योगायोगच ना? मी म्हणते, असेल. मला भांडायचं नाही. मी मागितलं होतं ते एका देवाकडे, ऊन खात बसले होते दुसऱ्यापुढे, आणि आलं ते तिसऱ्याच दारातून, तेही माझ्या नेमाच्या आड येऊन. माझा नेम त्या दिवशी मोडला नसता तर मंजू जुन्नरला वाढली असती. तेव्हापासून माझं ठरवलेलं काही मोडलं की मी लगेच रडत नाही. जरा थांबून पाहते. या शरणागतीत माझी काही कमाई नाही. पायांनी ती माझ्याकडून करून घेतली.

मंजू दहावीत असताना वैशाखात तिनं हट्ट धरला, म्हणून आम्ही अंबरनाथला शिवमंदिरात गेलो. ते फार जुनं, काळ्या दगडाचं देऊळ आहे, आणि त्याचा गाभारा खाली आहे. पिंडीपर्यंत पायऱ्या उतरून जावं लागतं. ह्यांनी आणि मंजूनं मला धरून सभामंडपापर्यंत नेलं. पायऱ्यांपाशी आल्यावर मी म्हटलं, तुम्ही जा. ह्यांनी उचलून नेऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. दगड गार होता, खालून पाण्याचा एकेक थेंब पडल्याचा आवाज येत होता. उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर गळतीचं भांडं टांगतात, ते असणार. जन्मभर पाहिलेली गोष्ट, पण देवालाही उन्हाळा सोसत नाही असं आपल्या लोकांना केव्हातरी वाटलं असेल, हे मला त्या दिवशी तिथे बसल्यावर सुचलं. फार बरं वाटलं.

मंजू दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. बेलाचं पान धरलेला हात वर करून तिनं विचारलं, "आई, तुझ्यासाठी काय मागू?"

मी खरंच विचार केला. बराच केला. तिच्या मागे माणसं खोळंबली होती.

"मागू काही नकोस," मी म्हटलं. "आई वर बसली आहे, एवढं सांग."